आधी गोळी कुणी झाडली?

मॉस आयझ्ली नावाच्या अंतराळबंदरातला एक अंधारा गुत्ता. कोपऱ्यातल्या टेबलाशी हान सोलो बसला आहे आणि समोर हिरव्या कातडीचा ग्रीडो त्याच्यावर पिस्तूल रोखून आहे. जब्बा नावाच्या सावकार-गुंडाचा चोरटा माल हाननं ऐन वेळी टाकून दिलेला आहे, पैसे थकले आहेत आणि ग्रीडो वसुलीच्या नावाखाली जीव घ्यायला आला आहे. हान बोलणं लांबवतो. त्याच्या एका हाताची बोटं भिंतीवर उगाचच काहीतरी खरवडत राहतात. आपलं लक्ष त्या बोटांकडे जातं, तेवढ्यात दुसरा हात टेबलाखाली पिस्तूल मोकळं करतो. मग स्फोट, धूर आणि टेबलावर कोसळलेला ग्रीडो. हान शांतपणे उठतो, जाता जाता गुत्तेवाल्याकडे नाणं भिरकावतो आणि झालेल्या घाणीबद्दल माफी मागतो.

१९७७ साली अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी ‘स्टार वॉर्स’मध्ये हे असं पाहिलं. वीस वर्षांनी, १९९७ साली, हाच चित्रपट पुन्हा थिएटरांत आला तेव्हा त्यात ग्रीडो आधी गोळी झाडत होता. हातभर अंतरावरून झाडलेली ती गोळी हानच्या डोक्याशेजारी भिंतीत घुसायची आणि मग हान स्वसंरक्षणासाठी त्याला मारायचा. २००४ च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटू लागल्या आणि गोळी चुकवण्यासाठी हानची मान संगणकानं बाजूला सरकवण्यात आली. २०१९ साली चित्रपट ओटीटीवर आला तोवर ग्रीडोच्या तोंडी मरण्यापूर्वीचा एक शब्द आलेला होता, ‘मॅक्लंकी’. तो ऐकून जगभरचे चाहते रात्रभर एकमेकांना विचारत बसले की हे काय आणखी नवीन!

प्रकार सगळा मिळून काही सेकंदांचा. पण ‘हाननं आधी गोळी झाडली’ असं छापलेले टी-शर्ट निघाले, विकले गेले आणि असाच एक टी-शर्ट घालून चित्रपटाचे लेखक-दिग्दर्शक खुद्द जॉर्ज ल्यूकस चौथ्या ‘इंडियाना जोन्स’च्या सेटवर हिंडताना लोकांना दिसले. ज्यांनी बदल केला तेच बदलाच्या निषेधाचा शर्ट घालतात, याला विनोदबुद्धी म्हणावं की खोडी, यावरही चाहत्यांचं एकमत नाही.

या पुस्तकातल्या बहुतेक लेखांत ही गोळी कुठे ना कुठे सुटतेच, म्हणून प्रस्तावनेत ती आधीच मार्गी लावलेली बरी. ल्यूकस यांचं म्हणणं असं की हान पुढे राजकन्या लेयाशी लग्न करणार आहे, तो नायक आहे आणि जॉन वेनच्या वेस्टर्नपटांतला नायक समोरच्याला आधी गोळी झाडू देतो. चाहते म्हणतात, नायक तो शेवटी होतो, सुरुवातीला नसतो. शेवटच्या लढाईत पैसे खिशात घालून निघून गेलेला हान अचानक परततो आणि साथीदार ल्यूकच्या पाठीमागचा शत्रू उडवतो. त्या परतण्याला किंमत आहे ती गुत्त्यात आपण त्याला थंड डोक्यानं माणूस मारताना पाहिलेलं असतं म्हणून. या मुद्द्यावर मी सरळ चाहत्यांच्या बाजूचा आहे. मात्र ‘मूळ कल्पनेशी बेइमानी झाली’ असं ते जेव्हा म्हणतात, तेव्हा मी थबकतो. कारण मूळ कल्पना म्हणून जी काही दाखवली जाते ती कागदपत्रांत शोधू गेलं की हाती लागत नाही.

ल्यूकस यांनी १९७३ साली या कथेचा पहिला आराखडा लिहायला घेतला. मे १९७४ च्या कच्च्या खर्ड्यात नायकाचं नाव ॲनिकिन स्टारकिलर आहे. ल्यूक स्कायवॉकर नावाचं पात्र त्यात आहे, पण तो म्हातारा सेनापती आहे. पुढे मुख्य खलनायक झालेला डार्थ व्हेडर इथं साम्राज्याचा एक किरकोळ अधिकारी आहे. निम्मं शरीर यंत्राचं झालेला बाप त्यात आहे, मात्र तो चांगल्यांच्या बाजूचा आहे. आणि हान सोलो? तो चक्क हिरव्या कातडीचा, कल्ले असलेला, बिननाकाचा अवाढव्य परग्रहवासी आहे. पुढच्या दोन वर्षांत खर्ड्यामागून खर्डे झाले. मध्येच एकदा नायकाऐवजी नायिका घ्यावी असं ठरलं आणि चित्रकार राल्फ मॅक्वारी यांनी तसं चित्रही काढलं, मग पुन्हा नायक आला. अकिरा कुरोसावांचा १९५८ चा ‘द हिडन फोर्ट्रेस’, जोसेफ कॅम्बेल यांचं पुराणकथांवरचं लेखन, लहानपणी पाहिलेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’ मालिका आणि टीव्हीवर रोज दिसणारं व्हिएतनाम युद्ध असं सगळं त्या कढईत उकळत होतं. त्यातून जे बाहेर आलं ते २५ मे १९७७ ला मोजक्या तीसेक थिएटरांत लागलं. त्याच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात भागाचा आकडा नव्हता आणि ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षकही नव्हतं. ते दोन्ही १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडण्यात आलं. म्हणजे ज्याला आज जग ‘चौथा भाग’ म्हणतं तो पहिली जवळपास चार वर्षं कुठलाच भाग नव्हता, नुसता चित्रपट होता.

याहून मोठी गोष्ट व्हेडरची. दुसऱ्या चित्रपटाची पहिली पटकथा ली ब्रॅकेट या अनुभवी लेखिकेनं फेब्रुवारी १९७८ मध्ये पुरी केली आणि पुढच्याच महिन्यात त्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या पटकथेत ल्यूकच्या वडिलांचं भूत ल्यूकला भेटतं आणि ते भूत म्हणजे व्हेडर नव्हे. व्हेडर हा व्हेडर, बाप हा बाप. त्यानंतर ल्यूकस स्वतः लिहायला बसले आणि त्या खर्ड्यात व्हेडर हाच ल्यूकचा बाप झाला. चित्रीकरणाच्या वेळी हे गुपित इतकं जपलं गेलं की व्हेडरचा पोशाख घालणाऱ्या डेव्हिड प्राउझना खोटं वाक्य देण्यात आलं, ओबी-वाननं (ल्यूकच्या गुरूनं) तुझ्या बापाला मारलं अशा अर्थाचं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात बसवलं गेलं. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला दिग्दर्शक अर्विन कर्श्नर यांनी प्रत्यक्ष टेकच्या जरा आधी खरं काय ते सांगितलं.

ज्या एका प्रसंगासाठी ही चित्रमालिका चित्रपटांच्या इतिहासात कायमची बसली, तो प्रसंग असा मत बदलण्यातून आलेला आहे. बरं, मत बदललं की आधीचं निस्तरावं लागतं. पहिल्या चित्रपटात ओबी-वाननं ल्यूकला सांगितलं होतं की व्हेडरनं तुझ्या वडिलांना मारलं. मग १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात ओबी-वानच्या भुताला ओंडक्यावर बसून खुलासा करावा लागला की मी सांगितलं ते एका अर्थी खरंच होतं, माणूस कुठून बघतो त्यावर सत्य ठरतं. त्याच चित्रपटात लेया ही ल्यूकची बहीण निघाली. आधीच्या चित्रपटात त्यांचं चुंबन पडद्यावर येऊन गेलं होतं आणि अलन डीन फॉस्टर यांच्या १९७८ च्या कादंबरीत त्या दोघांमधली ओढ स्पष्ट लिहिलेली होती. ते चाहत्यांनी मुकाट्यानं गिळलं. गंमत म्हणजे पुढे ल्यूकस यांच्या मुलाखती वाचल्या की ओबी-वानचीच आठवण होते. कधी ते म्हणतात बारा चित्रपट ठरले होते, कधी नऊ, कधी सहाच. कधी म्हणतात की सगळी कथा आधीच लिहून तयार होती, पहिल्या चित्रपटात तिचा एक तुकडा तेवढा घेतला.

मायकल कमिन्स्की यांनी २००८ च्या ‘द सीक्रेट हिस्टरी ऑफ स्टार वॉर्स’मध्ये ही सगळी विधानं आणि खर्डे शेजारी शेजारी मांडून दाखवले. ल्यूकसफिल्मच्याच दफ्तरात बसून जे. डब्ल्यू. रिन्झ्लर यांनी लिहिलेलं ‘द मेकिंग ऑफ स्टार वॉर्स’ हे २००७ चं पुस्तकही त्याच दिशेला बोट दाखवतं. कथा लिहिता लिहिता सापडत गेली, यात कमीपणा कसला? आपल्याकडच्या वर्तमानपत्री कादंबऱ्या अशाच लिहिल्या गेल्या. पण ल्यूकस यांना ‘मला सुचत गेलं’ असं म्हणणं जड जातं, ‘माझ्या मनात होतंच’ हे सोपं वाटतं. माझ्या मते या साऱ्या भांडणाची ठिणगी इथं आहे. माणूस बदलला याचा राग लोकांना फार नाही. आपण बदललोच नाही असं तो म्हणतो, त्याचा आहे.

ल्यूकस हे असे का झाले, हे समजून घ्यायला त्यांच्या पहिल्या दोन चित्रपटांकडे जावं लागतं. १९७१ चा ‘टीएचएक्स ११३८’ वॉर्नर ब्रदर्सनं प्रदर्शनाआधी काही मिनिटांनी कापला. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’वर युनिव्हर्सलनं तशीच कात्री चालवली. कापलेला भाग दोन्ही वेळा इतका थोडा की चित्रपटाला त्यानं ना फायदा ना तोटा. कात्री कुणाच्या हातात आहे हे दाखवण्यापुरतंच ते कापणं होतं. ल्यूकस ते कधी विसरले नाहीत. ‘स्टार वॉर्स’च्या वेळी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे त्यांनी मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या चित्रपटांचे आणि खेळण्या-कपड्यांच्या व्यापाराचे हक्क मागून घेतले. स्टुडिओला त्यात काही मोठं वाटलं नाही. दुसरा चित्रपट त्यांनी स्वतःच्या पैशावर आणि बँकेच्या कर्जावर काढला. थोडक्यात, कात्री आता कायमची त्यांच्याकडे आली.

मार्च १९८८ मध्ये ल्यूकस अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेले. तेव्हा टेड टर्नरसारखे मालक जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकानं रंग फासत होते. ल्यूकस यांचं ते भाषण आजही वाचावं असं आहे. कलाकृतीत फेरफार करणाऱ्यांना त्यांनी रानटी म्हटलं. आज रंग भरतायत, उद्या तंत्रज्ञान पुढे गेलं की जुन्या नटांच्या जागी टवटवीत चेहरे बसवतील, संवाद बदलतील, असा इशारा दिला. कलाकृती अखेर समाजाची असते, तिचं मूळ रूप पुढच्या पिढ्यांसाठी राखलं पाहिजे, असं बजावलं. त्या वर्षी चित्रपट-जतनाचा कायदा झाला आणि त्याखाली १९८९ मध्ये जी पहिली पंचवीस चित्रपटांची राष्ट्रीय यादी निघाली तिच्यात ‘स्टार वॉर्स’ होता.

आता २००४ ची डीव्हीडी लावा आणि तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटाकडे या. व्हेडर मेला आहे, त्याची चिता पेटली आहे आणि ल्यूकला तीन प्रकाशमान आत्मे दिसतात. १९८३ साली त्यांतला एक होता सेबास्टियन शॉ, म्हणजे ज्या थकलेल्या, पांढऱ्याफटक चेहऱ्यावरून ल्यूकनं थोड्याच वेळापूर्वी मुखवटा काढला होता, तोच चेहरा, आता निवांत झालेला. २००४ मध्ये तिथं हेडन क्रिस्टन्सन आला, नव्या चित्रपटांमधला तरुण ॲनाकिन, म्हणजे व्हेडर होण्याआधीचा व्हेडर. मुखवट्याखाली शॉ, आत्म्यात क्रिस्टन्सन. हा तरुण ल्यूकनं जन्मात पाहिलेला नाही, तरी तो ओळखीचं हसतो. टवटवीत चेहऱ्याचा इशारा खरा करून दाखवायला सोळा वर्षं लागली आणि तो खरा केला इशारा देणाऱ्यानंच.

ल्यूकस यांची बाजू घेणारे इथं सांगतात की १९८८ चं भाषण मालकांविरुद्ध होतं, कलाकाराविरुद्ध नव्हतं. कलाकाराला आपलं काम सुधारायची मुभा असायलाच हवी. ठीक. पण मग कलाकार कोण? दुसरा चित्रपट कर्श्नर यांनी दिग्दर्शित केला, तिसरा रिचर्ड मार्क्वंड यांनी. मार्क्वंड १९८७ साली वारले. त्यांच्या चित्रपटात १९९७ ला जब्बाच्या दरबारातलं गाणं बदललं गेलं, २००४ ला आत्मा बदलला, २०११ ला सम्राटाला उचलून फेकणाऱ्या मूक व्हेडरच्या तोंडी ‘नाही, नाही’ असा आक्रोश घातला गेला. त्या प्रसंगात व्हेडर काही बोलत नाही, आलटून पालटून मुलाकडे आणि मालकाकडे बघतो, आणि त्या काळ्या, न हलणाऱ्या मुखवट्यामागे काय चाललंय ते आपण ओळखतो. दिग्दर्शकाला एवढं साधलं होतं. मार्क्वंडना विचारायला कुणी जाणार तरी कुठं?

पहिल्या चित्रपटाला स्पर्धात्मक गटांत सहा ऑस्कर मिळाले, त्यांत संकलनाचं होतं आणि दृश्य-परिणामांचंही. संकलनाचं पॉल हर्श, मार्शा ल्यूकस आणि रिचर्ड च्यू यांना मिळून मिळालं. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या एका गोदामात जॉन डिक्स्ट्रा आणि त्यांच्या पोरांनी प्लास्टिकच्या मॉडेल किटचे सुटे भाग चिकटवून जी यानं बनवली, त्यांच्या हातच्या कामाला ते दुसरं ऑस्कर होतं. १९९७ च्या आवृत्तीत त्यांतली कित्येक दृश्यं काढून संगणकाची बसवली गेली. म्हणजे पारितोषिक ज्या कामाला मिळालं ते काम आज अधिकृत प्रतीत पुरतं पाहताच येत नाही. या पुस्तकातला मॉडेलकारांवरचा लेख या दृष्टीनं जरूर वाचावा.

१९९७ च्या ‘स्पेशल एडिशन’ला मी सरसकट नावं ठेवणार नाही. जुन्या निगेटिव्हची अवस्था बिघडली होती, रंग उडाले होते, ती स्वच्छ करण्याच्या कामातून हा खटाटोप सुरू झाला. बेस्पिनच्या ढगांतल्या शहराला मिळालेल्या खिडक्या मला आवडतात. मात्र जब्बाचं पुन्हा घातलेलं दृश्य पाहताना हसू आवरत नाही. ते १९७६ मध्ये डेक्लन मलहॉलंड या आडदांड नटासोबत चित्रित झालं होतं आणि मग गाळलं गेलं होतं. वीस वर्षांनी त्या नटाच्या जागी संगणकाचा गोगलगायीसारखा जब्बा बसवला. पण मूळ चित्रीकरणात हॅरिसन फोर्ड त्या नटाच्या मागून फिरून जातो आणि जब्बाला तर मागे लांबलचक शेपूट! शेवटी हान त्या शेपटीवर पाय देऊन जातो असं दाखवलं. जब्बा विव्हळतो. ज्या गुंडाच्या नावानं सगळे चळाचळा कापतात त्याच्या शेपटीवर पाय पडतो आणि तो काही करत नाही. वर त्यांचे संवाद थोडेफार ग्रीडोनं आधी बोलून झालेलेच आहेत. १९७७ मध्ये हे दृश्य गाळणाऱ्यांना संकलन कळत होतं.

राग अनावर झाला तो मात्र बदलांमुळे नव्हे, जुनी प्रत बाजारातून उठल्यामुळे. २००४ च्या सुमारास एका मुलाखतीत ल्यूकस यांनी सांगितलं की माझ्या दृष्टीनं जुना चित्रपट आता अस्तित्वातच नाही, तुम्ही अर्धवट चित्रपट पाहिलात आणि त्याच्या प्रेमात पडलात, त्याला माझा इलाज नाही. दोन वर्षांनी चाहत्यांच्या रेट्यामुळे मूळ तीन चित्रपट डीव्हीडीवर ‘पुरवणी’ म्हणून दिले गेले, ते १९९३ च्या लेसरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून, पडद्याभोवती काळ्या पट्ट्या असलेले, धुरकट. देणाऱ्यानं नाखुशीनं दिलं हे पाहताक्षणी कळत होतं.

मग चाहत्यांनी जे केलं त्याला आपल्याकडच्या पोथ्यांच्या अभ्यासातले शब्द नेमके बसतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या शेजारी ठेवून पाठभेद नोंदले, मागाहून घुसलेला मजकूर वेगळा काढला. इकडे एका चेक तरुणानं ब्ल्यू-रे, जुनी डीव्हीडी, स्कॅन केलेल्या फिती, मिळेल तिथून फ्रेमा गोळा करून १९९७ नंतरचं सगळं खरवडून काढलं. दुसऱ्या एका गटानं १९७७ च्या पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंट मिळवून त्या स्कॅन केल्या आणि एकेका फ्रेमवरची धूळ पुसली. कायद्यानं हे सगळं बेकायदा आहे. पण यांची शिस्त पाहाल तर थक्क व्हाल. १९७७ सालीसुद्धा एकच एक पाठ नव्हता, हेही याच मंडळींनी दाखवून दिलं. त्या उन्हाळ्यात स्टिरिओ, सत्तर मिलिमीटर आणि मोनो अशा तीन निरनिराळ्या ध्वनिमिश्रणांचे प्रिंट हिंडत होते आणि मोनोमध्ये काही वाक्यं जास्तीची होती. ‘मूळ’ म्हणून ज्याला कवटाळायचं, तेच तीन निघाले! महाभारताच्या संपादकांपुढे नसलेली एक अडचण यांच्यापुढे होती. व्यास येऊन सांगत नव्हते की तुम्ही प्रक्षिप्त म्हणता तोच माझा खरा पाठ आहे. इथं कर्ता हयात आहे आणि अगदी हेच सांगतो आहे. २०२४ साली कान महोत्सवात मानाचा पाम द’ऑर स्वीकारायला गेले असतानाही आपलं हे मत त्यांनी सोडलं नव्हतं.

जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं आपल्या संग्रहातली, १९७७ सालच्या प्रदर्शनातली एक टेक्निकलर प्रिंट स्वतःच्या चित्रपट-महोत्सवाच्या उद्घाटनाला दाखवली, ल्यूकसफिल्मच्या परवानगीनं. खरवडे, डाग यांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या यात नवल नाही.

इथवरचं भांडण दुरुस्त्यांचं. १९९९ ला ‘द फँटम मेनेस’ आला आणि भांडणाची जात बदलली, कारण आता कुणी जुनं काही खोडत नव्हतं. प्रेक्षकांनी सोळा वर्षं मनात जे रचून ठेवलं होतं त्याच्या जागी ल्यूकस स्वतःचं ठेवत होते. ‘फोर्स’ ही ज्यांना साधनेनं मिळणारी शक्ती वाटत होती त्यांना सांगितलं गेलं की ती रक्तातल्या मिडी-क्लोरियन नावाच्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवर अवलंबून असते. क्वाय-गॉन हा गुरू लहानग्या ॲनाकिनचं रक्त तपासतो आणि आकडा येतो. पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट यावा तसा तो प्रसंग आहे आणि मला तो आजही खटकतो. पण व्यापारी संघटना, सिनेटमधली भाषणं, पुढच्या चित्रपटांत टाळ्यांच्या गजरात मरणारी लोकशाही हे सगळं रचणारा लेखक धाडसी होता, हेही कबूल करायला हवं. लॉस एंजेलिसच्या एका संकलकानं ‘द फँटम मेनेस’मधली वीसेक मिनिटं परस्पर कापून टाकली आणि त्या कापलेल्या प्रतीची कॅसेट हातोहात फिरली. ‘टीएचएक्स’ कापला म्हणून ज्यानं आयुष्यभर राग धरला, त्याच्या नशिबी हे आलं.

चाहत्यांच्या प्रेमाची दुसरी बाजू याच काळात दिसली आणि ती झाकून चालणार नाही. ‘द फँटम मेनेस’मधल्या जार जार बिंक्सचं काम करणारे अहमद बेस्ट यांच्यावर इतकी चिखलफेक झाली की आत्महत्येचा विचार मनात आला होता, असं त्यांनीच २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ‘द लास्ट जेडाय’मधल्या केली मेरी ट्रॅन यांना वांशिक शिवीगाळीपायी समाजमाध्यम सोडावं लागलं. कथेवर आपला हक्क आहे असं मानणारा माणूस नटाच्या जिवावर उठतो, तेव्हा त्याला ‘चोखंदळ रसिक’ म्हणणं हा रसिकतेचा अपमान आहे. या विषयावर पुस्तकात स्वतंत्र लेख नाही. असायला हवा होता, असं मला वाटतं आणि ते मी संपादकांना कळवलं आहे.

३० ऑक्टोबर २०१२ ला डिस्नेनं ल्यूकसफिल्म चार अब्ज डॉलरहून थोड्या जास्त किमतीला घेतल्याचं जाहीर झालं. सौद्यासोबत ल्यूकस यांनी पुढच्या तीन चित्रपटांचे आराखडेही दिले. ते वापरले गेले नाहीत. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०१९ च्या आपल्या आत्मकथनात मोकळेपणानं लिहिलं आहे की हे कळल्यावर ल्यूकस यांना विश्वासघात झाल्यासारखं वाटलं आणि त्याऐवजी आलेला ‘द फोर्स अवेकन्स’ पाहून यात नवीन काहीच नाही अशी त्यांची नाराजी होती. एप्रिल २०१४ मध्ये नव्या मालकांनी आधीच्या सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स अधिकृत इतिहासातून काढून ‘लेजंड्स’ या कप्प्यात टाकली. टिमथी झान यांच्या १९९१ च्या ‘एअर टू द एम्पायर’पासून ज्यांनी तेवीस वर्षं ती पुस्तकं जपली, त्यांचं अख्खं कपाट एका निवेदनानं दंतकथा झालं. आणि मग जे होणार तेच झालं. ल्यूकस यांच्या नावानं बोटं मोडणारे ल्यूकस परत या म्हणू लागले. लहानपणी जार जारला हसलेली पोरं तिशीत आली होती. त्यांच्या लेखी १९९९ ते २००५ चे चित्रपट हेच खरे ‘स्टार वॉर्स’.

ल्यूकस यांच्या मनात शेवटचे तीन चित्रपट काय होते, ते त्यांनी २०१८ मध्ये जेम्स कॅमरॉन यांना सांगितलं. कथा सूक्ष्म जीवांच्या जगात जाणार होती. विश्व खरं चालवणारे व्हिल्स नावाचे जीव तिथं भेटणार होते, मिडी-क्लोरियन त्यांचे दूत. चाहत्यांना हे मुळीच आवडलं नसतं, असंही त्यांनी हसत हसत म्हटलं. आता १९७३ च्या अगदी पहिल्या टिपणांकडे वळा. त्यांचं शीर्षक आहे ‘जर्नल ऑफ द व्हिल्स’. ल्यूक म्हातारा होता, हान हिरवा होता, व्हेडर किरकोळ होता, तेव्हापासून टिकून राहिलेली जर एखादी कल्पना असेल, तर ती ही! ‘मूळ कल्पना जपा’ म्हणणाऱ्यांना ती खरोखर मिळाली असती, तर त्यांनी थिएटरच्या खुर्च्या मोडल्या असत्या.

पुस्तक वाचताना एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथं जिथं नुसतं ‘स्टार वॉर्स’ म्हटलं आहे तिथं १९७७ चा चित्रपट समजावा. कोणत्या सालची प्रत पाहून लेख लिहिला ते प्रत्येक लेखकानं सुरुवातीलाच नमूद केलं आहे, आणि ते न पाहता वाचाल तर दोन लेख एकमेकांना खोटं पाडतायत असं वाटेल. ओटीटीवर तुम्हाला दिसेल ती सगळ्यांत अलीकडची प्रत, त्यामुळे लेखातलं वर्णन पडद्याशी जुळलं नाही तर लेखकाला बोल लावू नका.

ज्यांनी एकही चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आकड्यांच्या नादाला लागू नये. १९७७, १९८०, १९८३ आणि मग १९९९ पासून पुढे, असे लागले तसेच पाहावेत. पहिल्या भागापासून क्रमानं गेलात तर व्हेडर कोण हे आधीच कळून चुकतं आणि कर्श्नरनी इतकं जपलेलं गुपित वाया जातं. तुमच्यापुरतं ते या प्रस्तावनेनंच फोडलं आहे, त्याला इलाज नव्हता. पण घरात दहा-बारा वर्षांचं कुणी असेल तर त्याला आधी चित्रपट दाखवा आणि हे पुस्तक तोवर वरच्या फळीवर ठेवा.